पैलवानाच्या आईचं मौन

बनुबाईंचा दिवस बदामांनी सुरू होतो. घरात मिक्सर आहे, सून आली तेव्हा नवा मोठाही आला, पण पैलवानाचे बदाम दगडी कुंडीत, कडुलिंबाच्या सोट्यानंच घोटायचे, असं हनुमंत वस्तादांनी अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. भिजलेले बदाम सोलायचे, त्यात थोडी खसखस, वेलदोडा, आणि पाऊण तास सोटा फिरवायचा. आता उजव्या कोपरात चमक येते, म्हणून त्या डाव्या हातानं फिरवतात आणि तोंडानं मारुतीचं नाव घेतात. कधी कधी नाव घ्यायचं राहून जातं, सोटा मात्र फिरत राहतो.

त्यांचा मुलगा अजिनाथ. काष्टीच्या फाट्यावर वर्षातून तीन-चारदा त्याचा फलक लागतो, खांद्यावर गदा आणि मागं ढग. चार तालुक्यांत लोक त्याला नावानं ओळखतात. आणि त्याच्या खालोखाल ओळखतात ते त्याच्या आईला, तिच्या मौनामुळं.

त्या मौनाची गोष्ट अशी. अजिनाथ पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याच सकाळी बनुबाई दाढ काढून आल्या होत्या. गाल भोपळ्याएवढा, तोंडात कापसाचा बोळा, आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही अशी डॉक्टरची ताकीद. नवरा सूर्यभान मुलाबरोबर मैदानाला गेला. बनुबाई घरी मारुतीच्या फोटोपुढं गाल धरून बसल्या. अजिनाथनं दोन कुस्त्या मारल्या. गुलालानं माखलेली पोरं घरी आली, काकू काकू म्हणून ओरडू लागली, आणि काकू काही बोलेनात. डोळ्यांत मात्र पाणी. ते दाढेचं होतं.

"मौन धरलं हुतं आईनं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

सूर्यभानला खरं माहीत होतं. तो मिशीत हसला आणि गप्प बसला. पुढच्या मैदानाला गल्लीतल्या बायकाच विचारायला आल्या, "काकू, मौन हाय ना ह्या खेपंला बी?" नाही म्हणायची बनुबाईंना हिंमत झाली नाही. तिसऱ्या मैदानापर्यंत नियम पक्का झाला. पोरगा मैदानात जायला निघाला की निकाल कळेपर्यंत शब्द नाही, अन्न नाही, पाणी नाही. सुरुवात कशीही झाली असली तरी देवापुढं बसून केलेलं खोटं राहत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पुढं सूर्यभान गेला. खरं माहीत असलेला एकुलता एक माणूस गेला. मग ते मौन जडच होत गेलं. पेपरात फोटो आला. तालमीतली पोरं पाया पडू लागली. आणि खोटं कशाला सांगा, बनुबाईंना ते आवडत होतं. विधवा बाईला कार्यात कोणी पुढं बसवत नाही. पैलवानाच्या आईला बसवत होते.

मार्गशीर्षात अजिनाथचं लग्न झालं. सून पुणतांब्याची, रोहिणी. बी.ए. झालेली, बोलायला मोकळी. लग्न ठरलं तेव्हाच वस्ताद नाराज होते. "लंगोट सुटला की पैलवान सुटला," एवढंच बोलून ते अक्षता टाकून जेवायच्या आधी निघून गेले होते.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. कुणी एक मोठा खेळाडू शून्यावर बाद झाला आणि लगेच कॅमेऱ्यानं त्याच्या बायकोचं तोंड दाखवलं. सिनेमातली बाई, डोळ्यांवर काळा चष्मा.

"हिच्या पायगुनानं वाटुळं झालं त्याचं," बनुबाई म्हणाल्या. "आदी कसा खेळायचा! आन ही बया बघ, नटून बसलीय."

रोहिणी पावट्याच्या शेंगा सोलत होती. "आत्या, चेंडू त्याला दिसला नाही. त्यात तिचं काय चुकलं?"

"तुला न्हाई कळायचं."

"मी आल्यापासून म्हशीनं दूध कमी केलंय. माझाच पायगुण म्हणायचा का?"

बनुबाई हसल्या. विषय तिथंच राहिला. पुढं त्यांना तो फार वेळा आठवला.

चैत्रात यात्रेचं मोठं मैदान होतं. आदल्या आठवड्यात रोहिणीनं सहज विचारलं, "आत्या, तुम्हाला बघावंसं वाटत नाही का हो कधी? स्वतःच्या पोराची कुस्ती?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता बनुबाई आपणहून म्हणाल्या, "बघायचं न्हाई मला. पोराला पडताना मी बघू शकत न्हाई. पन तिकडं काय चाललंय ते कळत न्हाई गं. नुसता जीव टांगणीला लागतो."

"मग मी फोनवर सांगते की. तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. ऐकल्यानं मौन मोडतं का?"

बनुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. फोटोकडं एकदा पाहिलं.

"कानाला कुठं व्रत हाय," त्या म्हणाल्या.

मैदानाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला त्या समईपुढं बसल्या होत्या. बाजूला बटणांचा फोन, आवाज मोठा करून ठेवलेला. रोहिणी बायकांच्या मांडवात बसून सांगत होती, आणि बनुबाईंना पहिल्यांदाच ते सगळं दिसत होतं. लाल मातीवर पाणी मारलंय. हलगी वाजतेय. समोरचा पैलवान सोलापूरकडचा, उंचापुरा, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलंय. अजिनाथनं माती कपाळाला लावली. हात मिळवले. आता नुसतेच मान धरून उभे आहेत, आत्या, दोन बैल शिंगं अडकवून उभे राहतात ना, तसे.

बनुबाई पुढं वाकून ऐकत होत्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही की त्यांच्या तोंडावर हसू आहे.

मग भोंग्यातून निवेदकाचा आवाज फोनमध्ये घुमला. "मंडळी, या पैलवानाची आई! धन्य ती माउली! या क्षणाला घरी मारुतीरायापुढं बसलेली आहे! सकाळपासून मुखातून शब्द नाही, पाण्याचा थेंब नाही!"

आणि त्याच वेळी शेजारची पांढरी मांजर नैवेद्याच्या दुधावर आली. वाटीत तोंड घालणार, तेवढ्यात बनुबाई ओरडल्या, "ए भवाने! सोड ते दूध! मुस्काट फोडीन!"

मांजर पळाली. फोनमधलं रोहिणीचं सांगणं थांबलं. बनुबाईंनी तोंडावर हात ठेवला. गेलं. अकरा वर्षांचं गेलं. आणि मग त्यांना काय झालं देव जाणे, इतक्या वर्षांचं आत साठलेलं असेल, त्या फोनकडं वाकून म्हणाल्या, "त्या भोंगेवाल्याला सांग, म्हनावं माउली मांजरीला शिव्या देतीय."

रोहिणी हसली. खळखळून हसली. त्या हसण्यावरच मैदानातून एक मोठा आवाज उठला, आणि हसणं मध्येच तुटलं.

"आत्या," ती म्हणाली. "पाठ टेकली."

दुसऱ्या दिवशी ते दृश्य सगळ्यांच्या मोबाईलवर होतं. अकरा सेकंद. आधी अजिनाथ उताणा पडतो, मग कॅमेरा फिरतो आणि त्याची बायको कानाला फोन लावून हसताना दिसते. डोक्यावर पदर नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं. नवरा मातीत आणि बाई फोनवर. लग्न केलं तिथंच चितपट झाला पैलवान. आणि सगळ्यांत जास्त वेळा एकच प्रश्न: एवढा गोड फोन होता तरी कुणाचा?

आदल्या संध्याकाळी घरी आल्यावर अजिनाथनंही तेवढंच विचारलं होतं. तेव्हा ते चित्रण अजून कुणी पाहिलंही नव्हतं. मांडवातल्या कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.

"कुनाशी बोलत हुतीस?"

रोहिणीनं बनुबाईंकडं पाहिलं. बनुबाईंच्या हातात त्याचं ताट होतं. "मैत्रिणीशी," ती म्हणाली.

अजिनाथनं मान खाली घातली आणि गुडघ्याला तेल लावत बसला. बनुबाईंनी ताट ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला. उद्या सांगू, त्यांनी मनाशी म्हटलं. आज त्याला हारीचं दुःख आहे. त्यावर हे कशाला?

उद्याचे आठ दिवस झाले.

गिरणीत पुष्पावतीनं त्यांना गाठलं. ही भजनी मंडळाची म्होरकी, सगळ्या वाडीला आपलं मत सांगत फिरणारी. "काकू, तुमी इकडं पाण्याविना बसताय, आन ती तिकडं खिदळतीय. तुमच्या मौनाची तरी लाज ठिवायची. आमच्या सुनंला, पूजाला, मी सांगितलं, बघ, असं वागू न्हाई."

बनुबाईंनी दळणाचा डबा पुढं सरकवला. पुष्पावतीनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, नेहमीसारखा. त्या हाताचा त्यांना चटका बसला, पण पाय मागं घेतला नाही.

घरी रोहिणी भाजी निवडताना मोबाईल बघत होती. तोंडावर ना राग, ना रडू.

"काय लिवलंय?"

"काही नाही, आत्या. एकीनं लिहिलंय, मंगळसूत्र लहान आहे. तिला दुसरीनं उत्तर दिलंय, मोठं असून तरी काय उपयोग झाला असता." तिनं मेथीची काडी मोडली. "बायकाच जास्त आहेत. बाप्ये दोन शब्दांत आटपतात."

"तू सांग की खरं. माजं नाव घे."

"आणि काय होईल? तुम्हाला धरतील. मौन मोडलं म्हणून पोरगा पडला म्हणतील. मला इथं चार महिने झालेत. माझं असं काय नाव होतं जायला?"

बनुबाईंना ते ऐकून बरं वाटलं. पुढच्याच श्वासाला त्याची लाज वाटली. त्या रोज देवापुढं बसत होत्या, पण काय मागावं ते सुचत नव्हतं. आपण बोललो म्हणून अजिनाथ पडला, हे त्यांना स्वतःलाही खरं वाटत होतं. मांजरीवर ओरडलो, आणि मारुतीनं हात काढून घेतला. सून वाईट नाही एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. पण आपण वाईट आहोत हे सांगायला जीभ रेटत नव्हती. अकरा वर्षं गप्प बसायची सवय, ती आता भलत्या ठिकाणी उपयोगी पडत होती.

नवव्या दिवशी दुपारी हनुमंत वस्ताद आले. बरोबर यात्रा कमिटीचे आबासाहेब. त्यांनी पुणतांब्याहून रोहिणीच्या भावालाही, राधाकृष्णला, बोलावून घेतलं होतं. तो जीप घेऊन आला होता आणि ओसरीच्या कडेला चप्पल न काढता उभा होता, जणू आत यायचा हक्क गेला होता.

"माउली," वस्ताद म्हणाले, "आमी ठरवलंय. पोरगं तालमीत राहील. सूनबाई पुढच्या चैत्रापातूर माहेरी. ह्यात कुनाचा अपमान न्हाई. पैलवानकीची रीतच हाय ती."

"आन जायच्या आदी दोन शब्द बोलायचे," आबासाहेबांनी मोबाईल काढला. "लई न्हाई. पदर घ्यायचा, हात जोडायचे आन म्हनायचं, माझं चुकलं, मी माझ्या घरच्यांची आन समद्या कुस्तीशौकिनांची माफी मागते. लोकांचं तोंड बंद हुतं त्यानं. हितं, फोटोपुढं उभी ऱ्हा, सूनबाई. मागं मारुती दिसू द्या."

अजिनाथ भिंतीला टेकून बसला होता. तो गुडघा चोळत राहिला.

"काय चुकलं म्हणून सांगू?" रोहिणीनं विचारलं.

"आता ते बी आमीच सांगायचं का?" आबासाहेब म्हणाले. "घे पदर."

राधाकृष्ण कडेवरून म्हणाला, "घे ताई. मिटवून टाक. आपन जाऊ घरी."

रोहिणीनं पदर डोक्यावर घेतला. हनुवटीखाली धरला. ती फोटोपुढं उभी राहिली आणि आबासाहेबांनी मोबाईल वर धरला. बनुबाई चुलीपाशी चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांना सुनेचं तोंड दिसत नव्हतं, नुसता पदर धरलेला हात दिसत होता. घट्ट होता, मूठ आवळल्यासारखा. दाढ काढली त्या दिवशी आपण गाल असाच धरला होता, त्यांना वाटलं. आणि लोक म्हणाले, मौन धरलंय.

"बोल," आबासाहेब म्हणाले.

"थांबा," बनुबाई म्हणाल्या.

त्या ओल्या हातांनीच पुढं आल्या आणि सुनेच्या शेजारी उभ्या राहिल्या. आबासाहेबांना मोबाईल खाली घ्यायचं सुचलं नाही.

"त्या फोनवर मी हुते. तिनं मला मैदान सांगितलं, मी ऐकत हुते. आन मी बोलले. मांजर दुधावर आली म्हनून मी वराडले, मग थट्टा केली. त्यावर ती हसली. माज्या बोलन्यावर हसली. आता माफी कुनी मागायची ते सांगा."

मग वस्तादांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. "धन्य हाय, माउली. सुनेचं पाप सोताच्या पदरात घेताय."

बनुबाई बघतच राहिल्या. आयुष्यात एकदा सगळ्यांपुढं खरं बोललो, आणि त्याचंही यांनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं.

"न्हाई हो," त्या थकून म्हणाल्या. "रोहिणे, तुझा मोबाईल दे त्याला. पैलवान, बघ."

रोहिणी देईना. बनुबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि अजिनाथपुढं धरला. त्यानं बराच वेळ बोट फिरवलं. मग वाचलं, "आत्या. चार वाजून सहा मिनिटं. सतरा मिनिटं बोलनं." तो मान वर न करता म्हणाला, "माझी कुस्ती सव्वाचारला लागली हुती."

वस्तादांचे जोडलेले हात सुटले. "मंग मौन?"

"मोडलं."

"तरीच," आबासाहेब म्हणाले. एवढंच. पण त्या एका शब्दात अकरा वर्षं वाहून गेली. त्यांनी मोबाईल खिशात टाकला. दोघं उठले. आधण उकळत होतं, पण चहाला कोणी थांबलं नाही. राधाकृष्णनं मात्र चप्पल काढली आणि आत येऊन बसला. "मला द्या घोटभर, आत्याबाई," तो म्हणाला.

तो गेल्यावर अजिनाथ म्हणाला, "आई, तू बोललीस म्हनून मी न्हाई पडलो. गुडगा दोन महिने दुखतोय. ढाकेचा डाव टाकायला गेलो आन पायच उभा ऱ्हायला न्हाई. वस्तादांना ठावं हुतं."

"मंग मगाशी का न्हाई बोललास?"

"गुडगा गेला म्हनलं तर कोन मैदानाला बोलवंल?"

बनुबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं. त्याला रागवायचा अधिकार त्यांना कुठं होता? आपलं नाव सांभाळायला दोघांनीही एकाच पोरीला पुढं केलं होतं. रोहिणी पदर खाली घेऊन कपबशा विसळत होती. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "डॉक्टरकडं जाऊ उद्या." कुणाला म्हणाली ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी अजिनाथ तिच्याबरोबर नगरला जाऊन आला.

आबासाहेबांनी घेतलेलं चित्रण त्यांच्या मोबाईलवरून बाहेर पडलंच. आता लोक बनुबाईंवर लिहू लागले. ढोंगी म्हातारी. व्रताचा बाजार. पोराचं वाटोळं आईनंच केलं. रोहिणीबद्दलचं काही कुणी मागं घेतलं नाही, ते नुसतं खाली सरकत गेलं. गिरणीत पुष्पावतीनं डबा ठेवला, वर पाहिलं, आणि वाकली नाही. पुढच्या महिन्यात एका बारशाला बनुबाई गेल्या तर त्यांना मागच्या रांगेत भिंतीकडेला जागा मिळाली. पंखा तिथपर्यंत पोचत नव्हता. त्यांना वाईट वाटलं. पण घरी येताना पाय दुखले नाहीत. पुढं बसलं की पाठ ताठ ठेवावी लागायची, आणि मागं तशी कुणाचीच नजर नव्हती.

श्रावणात नागपंचमीचं मैदान आलं. गुडघ्याला पट्टा बांधून अजिनाथ निघाला. घरी कोणी विचारायला आलं नाही, मौन हाय का म्हणून. रोहिणी मैदानाला गेली नाही. "मला नको ते कॅमेरे," ती म्हणाली. बनुबाईंनीही जा म्हटलं नाही. तेवढं बळ दोघींतही उरलं नव्हतं.

रोहिणीनं मोबाईलवर मैदान लावलं आणि फोटोपाशी समईला टेकवून उभा केला. बनुबाईंनी नमस्कार केला. तोंडानं मारुतीचं नाव घेतलं, मोठ्यानं.

"लाव आवाज," त्या म्हणाल्या. "आन ती भाकरी आन इकडं. भूक लागलीय."

अजिनाथ मैदानात आला. या वेळी निवेदकानं आईचं नाव घेतलं नाही. कुस्ती लांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बनुबाईंनी दोनदा डोळे मिटले, दोनदा उघडले. भाकरी आणि मिरचीचा ठेचा संपला. पांढरी मांजर उंबऱ्यात येऊन बसली, तिला कुणी हाकललं नाही. पंचविसाव्या मिनिटाला पंचांनी दोघांचे हात वर केले. कुस्ती बरोबरीत सोडवली.

रोहिणीनं खालचं लिहिलेलं वाचायला बोट सरकवलं.

"काय म्हनत्यात?" बनुबाईंनी विचारलं.

"काहीच नाही, आत्या. कुणाला धरावं ते कळेना बहुतेक."

"बरं," बनुबाई म्हणाल्या, आणि उद्याचे बदाम भिजत घालायला उठल्या.

"मिक्सरला लावते मी सकाळी," रोहिणी म्हणाली.

बनुबाईंनी कोपर चोळला. वस्तादांनी घालून दिलेली रीत त्यांच्या तोंडापर्यंत आली होती.

"लाव," त्या म्हणाल्या.